वाटाण्यांचं पान

ता. ९, मंगळवार, दुपार

चि. टिटवी,

अनेक आशीर्वाद. तू माझी माफी मागितलीस, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. मागितली नसतीस तर मी लिहिलं नसतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मावशीबद्दल उगीच मोठं मत व्हायला नको.

तुझं पत्र मागच्या सोमवारी मिळालं. डाव्या हाताने लिहिलेलं आहे हे पाकिटावरच कळलं. वेलांट्या उलट्या पडल्यात, आणि ‘मावशी’तला श पाटीवर गिरवल्यासारखा आला आहे. एकतीस वर्षं वह्या तपासल्या, तेव्हा हात सवयीने लाल पेन्सिलीकडे गेला. मग मजकूर वाचला आणि पेन्सिल खाली ठेवली.

माझं बरं चाललं आहे. गुडघा कुरकुरतो, पण मी स्वयंपाकाच्या शाळेत शिकवत होते तेव्हाही तो कुरकुरत होता. न्हाणीघराचा नळ दुरुस्त झाला. शेजारचे पोस्टमास्तर बायको गेल्यापासून डबा खात होते, तो आता डबेवालीने बंद केला, म्हणून वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी स्वयंपाक शिकायला माझ्याकडे येतात. परवा मला म्हणाले, “बाई, मी चाळीस वर्षं लोकांचे पत्ते वाचले. कांदा कुठे संपतो आणि साल कुठे सुरू होतं, हे कुणी लिहिलेलं नाही.” माणूस विनोदी आहे. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

तू लिहिलं आहेस, “मावशी, तू सांगितलेली ती ओळ मला आठवतच नाही. म्हणजे मी वाचलीच नसणार. बाबा म्हणतात, जिला कुकर उघडता येत नाही तिला एकटीला कसं राहू द्यायचं? त्यांचंही बरोबर आहे. तू लिहून दिलेली स्वयंपाकाची वही तर सापडतच नाही. मला पुन्हा लिहून देशील का? एका हाताने जमेल तेवढंच दे. या खेपेला प्रत्येक ओळ दोनदा वाचीन.”

मी वही लिहायला बसले. आज आठवा दिवस आहे. दीड पान झालं आहे, तेही पुरं नाही.

पहिली ओळ लिहिली, ‘पातेलं अर्धं भरून पाणी उकळायला ठेवा.’ पोस्टमास्तरांना वाचायला दिली. ते म्हणाले, “पातेलं केवढं? आणि दांडा कुठल्या बाजूला ठेवू?” ते लिहिलं. मग सुचलं, की बाही लांब असेल तर वर सारायला हवी. फडकं ओलं असेल तर चटका आरपार लागतो, तेही लिहिलं. मग झाकण आपल्या बाजूने उघडायचं नाही. मग खिडकी. नुसतं पाणी उकळण्याला दीड पान झालं, आणि तरी मी ते तुझ्या हाती देऊ धजत नाही. प्रत्येक ओळीच्या खाली मला आणखी एक ओळ दिसते. ती लिहिली की तिच्या खाली आणखी एक. मुलींना एकतीस वर्षं सांगत आले, “नवशिक्याला घाबरवू नका. एक पदार्थ, एक पान, आठ पायऱ्या. नववी आली की तो वही मिटतो.” ‘चवीपुरतं’ आणि ‘अंदाजाने’ हे शब्द मी माझ्या वर्गातून हद्दपार केले होते. चमच्याने मोजा, घड्याळ बघा. माझ्यासारखं नेमकं लिहिणारी दुसरी नाही, असं लोक म्हणत आणि मला ते पटत असे.

तुला तो इस्पितळातला दिवस किती आठवतो, मला माहीत नाही. तुझा उजवा हात आणि मान पांढऱ्या पट्ट्यांत होती. तुझी आई खाटेच्या कडेला बसून नुसती “ताई, ताई” करत होती. तुझे बाबा उभे होते. मला बघून म्हणाले, “घ्या! स्वयंपाकाच्या मास्तरीणबाईंची भाची, आणि कुकरचं झाकण उलथन्याच्या दांड्याने ठोकून उघडते!”

मी म्हणाले, “मी वहीत स्पष्ट लिहून दिलं होतं. शिट्टी खाली बसेपर्यंत थांबायचं, जोर लावायचा नाही. वाचायला नको का? पहिल्यापासून धांदरट!”

तू डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, औषधाने गुंगी आली असेल.

त्या वेळी मी खोटं बोलले नाही. ती ओळ मी लिहिली होती, हे मला पक्कं आठवत होतं. दुसऱ्या दिवशी तुझ्या खोलीतलं सामान आवरायला गेले. छताला वाटाणे चिकटलेले होते. वही ओट्यावर उघडीच होती, पान चौदा, वर मिठाचा डबा ठेवलेला, पान उलटू नये म्हणून. मी तुला तसंच शिकवलं होतं. मी पान वाचलं. सातवी पायरी, पाच शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. आठवी पायरी, झाकण उघडून एक वाटाणा बोटांनी दाबून बघा.

मधे काही नाही.

घरी येऊन कच्चे कागद काढले. कच्च्या कागदावर ती ओळ आहे, पेन्सिलने, नीट अक्षरात. ‘शिट्टी आपोआप सैल होईपर्यंत दहा मिनिटं थांबा. तोवर झाकणाला हात लावू नका.’ तिच्यावर लाल रेघ आहे. आणि समासात माझ्याच अक्षरात लिहिलं आहे, ‘हे कुणाला सांगावं लागतं?’

पायऱ्या नऊ होत होत्या, टिटवी. पान भरलं होतं.

तू सगळं वाचलंस. प्रत्येक ओळ, जशी लिहिली तशी केलीस. झाकण निघेना, तेव्हा तुला वाटलं असणार की आपल्यालाच जोर कमी पडतो, कारण मावशीने ‘उघडा’ असं लिहिलं आहे. मी वर्गात किती मुली बघितल्या, पण माझं लिहिणं इतकं तंतोतंत पाळणारी एकही नव्हती. आणि तिलाच मी धांदरट म्हटलं.

वही सापडत नाही, कारण ती मी आणली. पिशवीत, टॉवेलाच्या खाली घालून. तुझ्या आईने विचारलं, “वही होती का गं तिथे?” मी म्हणाले, “फेकून दिली असेल कुणीतरी, भिजली होती.” जाणूनबुजून बोललेलं खोटं हेच पहिलं. त्यानंतर रोज गप्प बसले, तेही त्यातच धरायचं. एक वर्ष चार महिने. नकाशे काढायच्या कचेरीने तुझी जागा दुसरीला दिली, तेव्हा मी गप्प. उजव्या हाताची दोन बोटं मिटणार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा फळं घेऊन आले आणि गप्प. तुझे बाबा जेवताना टोमणे मारत, “हिच्या हाती काडेपेटी देऊ नका,” तेव्हा मी मान खाली घालून जेवत होते.

काल पोस्टमास्तरांना चौदावं पान वाचायला दिलं. कशासाठी ते सांगितलं नाही. फक्त विचारलं, “तुम्ही काय केलं असतंत?” त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. म्हणाले, “गॅस बंद करून झाकण उघडलं असतं. इथे तसंच आहे ना?” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले, “का हो बाई, चुकलं का माझं?”

त्यांना मी “नाही” म्हणू शकले. तुला म्हणायला इतका वेळ लागला.

हे पत्र बाबांना दाखव. वाचून दाखवू नकोस, हातात दे. आई वाचेल तेव्हा तू खोलीत थांबू नकोस; तिला माझ्यावर हवं तसं बोलता यायला हवं. तुला पुन्हा स्वतंत्र खोली घ्यायची असेल, तर तुझ्या हुशारीबद्दल शंका घ्यायला कुणाला कारण उरलेलं नाही. एवढंच माझ्या हातात आहे. बोटं नाहीत, नोकरी नाही. या पत्राने काही भरून येईल असं मला वाटत नाही. आणि मन हलकं होतं म्हणतात, तेही झालेलं नाही.

नवी वही माझ्याच्याने होणार नाही. दुसऱ्या कुणाकडून शीक. शिकवणारी जे ‘सगळ्यांना माहीत असतं’ म्हणेल, ते आधी विचार.

माफ कर असं लिहीत नाही. तो शब्द तू वापरलास, आणि तुझ्या पत्रात तो चुकीच्या माणसाने लिहिला आहे. मी लिहिला तर तुला उत्तर द्यावं लागेल. उत्तर देऊ नकोस.

मावशी

सोबत, तुझ्या आईच्या हाती आज संध्याकाळी पाठवते आहे:

जुनी वही, एक. चौदा पदार्थ, कव्हरावर तुझं नाव.

कच्चा कागद, एक. लाल रेघेसकट, समासातल्या वाक्यासकट.

नवं पान, दीड. फक्त पाणी उकळणं. अपुरं.

वहीची सगळी पानं आहेत, मोजून घे. चौदाव्या पानाला शिवणीजवळ बोटभर चीर आहे. ती कुकरने पडलेली नाही. ते पान मी फाडायला घेतलं होतं.