लेथची शेजारती

प्रिय दादा,

गेल्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध झालं. सगळं आटोपल्यावर गुरुजी म्हणाले, "आता दादा पितरांत जाऊन बसले." मला हसूच आलं. बसले? तुम्ही? आणि तेही रिकाम्या हातांनी? तिकडे गेल्या गेल्या एखादा मोडका पलंग उलटा करून तुम्ही त्याचे पाय ठोकायला घेतले असणार, आणि आजूबाजूच्या पितरांनाही कामाला लावलं असणार!

पण मी आज लिहायला बसले ते वेगळ्याच कारणाने. दुपारची सुट्टी झालीय. कामावरची पोरं बाभळीखाली डबे खातायत आणि मी तुमच्या स्टुलावर बसलेय. पुण्याकडच्या ज्या कंपनीला आपण यंत्रांच्या पिना आणि बुश करून देतो, त्यांना आता दुप्पट माल हवाय. म्हणजे रात्रपाळी आली. त्यांचे साहेब आज चार वाजता उत्तर घ्यायला येणार आहेत. हो म्हटलं, तर आपल्या वर्कशॉपचा दिवा यापुढे मालवायचाच नाही. नाही म्हटलं, तर वाढीव काम दुसरीकडे जाईल. तुम्ही असता तर मी काहीच न बोलता तुमच्यापुढे चहाचा कप ठेवला असता आणि तुम्ही दोन घोटांत निकाल दिला असता. आता कुणापुढे कप ठेवू?

दादा, दारावरची पाटी अजून तीच आहे. 'मालक – पांडुरंग. देखरेख – रंगनाथ मिस्त्री.' रंग उडालाय, पण मी ती बदलू दिली नाही. तुम्हाला तो नवा बँकवाला आठवतो का? कर्जाच्या कागदांसाठी आला होता आणि मालकांनाच भेटायचं म्हणून हटून बसला होता. गफूरचाचांनी ड्रिलवरून मानही न वळवता सांगितलं, "मालक उभे हायेत. बसत न्हाईत." त्या बिचाऱ्याला वाटलं, मालक कुठल्यातरी कामात उभे असतील. "मग थांबतो मी," म्हणाला आणि चांगला तासभर थांबला! तुम्ही बाजारातून आलात, त्याला आतल्या कोनाड्यातली विटेवरची मूर्ती दाखवलीत आणि म्हणालात, "हे मालक. मी दिवाणजी." तो हसला, तुम्ही हसला नाहीत. तुमच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतंच.

तुमचं गणित साधं होतं. काम देवाचं, हत्यारं देवाची, म्हणून नफाही देवाचा. "शैले, ह्यो पैसा आपला न्हाई. आपुन राखनदार." मग देवाचा पैसा खर्च कशावर करायचा? देवाच्याच कामावर! गळ्यात माळ, अंगावर दोन जोड कपडे, ना पान ना तंबाखू, ना कुठल्या लग्नात मिरवणं. नांगराचे फाळ ठोकून धार लावणाऱ्या भट्टीच्या पैशातून वेल्डिंग आलं, वेल्डिंगमधून जुना लेथ आला, लेथमधून दुसरा लेथ. राहात्यात लोक म्हणायचे, मिस्त्रीला पैशाचा सोस आहे. सोस? मला तर वाटतं, अख्ख्या तालुक्यात पैशाचा सगळ्यांत कमी सोस तुम्हालाच होता, आणि नेमका म्हणूनच तो तुमच्याकडे साठत गेला.

नगरला कॉलेजात असताना अर्थशास्त्राच्या सरांनी एक दिवस हेच शिकवलं होतं. तिकडे युरोपात म्हणे काही ख्रिस्ती पंथांत अशी श्रद्धा रुजली, की आपला धंदा हे देवाने नेमून दिलेलं काम आहे. ते इमानेइतबारे करायचं आणि मिळालेला पैसा चैनीत उडवायचा नाही, कारण चैन हे पाप. मग त्या पैशाला जायला जागा कुठे? तो परत धंद्यातच! त्यातून भांडवल वाढलं, कारखाने वाढले. सगळ्यांना हे पटत नाही, असंही सर म्हणाले. वर्ग पेंगत होता आणि मी मात्र ताठ उठून बसले. अहो, हे तर आमचे दादा! पुढच्या बाकावरची मैत्रीण वळून बघायला लागली, इतक्या मोठ्याने मी हसले होते.

सुट्टीत घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही लेथवरून हात न काढता विचारलंत, "त्यांचा देव सुट्टी देतो का?"

"रविवारी देतो," मी म्हटलं.

"मग बरा हाय."

आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "तुमचा देत न्हाई, व्हय? का तुमीच देऊ देत न्हाई त्याला?"

आईची ही तक्रार काही खोटी नव्हती. रिकामा हात तुम्हाला बघवायचा नाही. पाहुणा आला की पाण्याच्या तांब्याबरोबर त्याच्यापुढे वाकड्या खिळ्यांचा डबा आणि हातोडी! गप्पा मारता मारता खिळे सरळ करायचे. मला बघायला आले तेव्हाही तुम्ही तेच केलंत. ह्यांचे मामा पांढऱ्याशुभ्र टोपीत ओसरीवर बसून खिळे ठोकतायत आणि मी पोह्यांच्या बश्या घेऊन दारात उभी, काय करावं ते सुचेना! लग्न मोडलं असं मी धरूनच चालले होते. पण मामा जाताना म्हणाले, "माणसं कष्टाळू हायेत." अजूनही आमच्याकडे कुणी नुसतं बसलेलं दिसलं की हे म्हणतात, "डबा आणा गं दादांचा."

पण दादा, एक विचारू? रागावू नका. दुसरा लेथ आला तेव्हा आई अजून जमिनीवर बसून, चुलीत फुंकर घालत भाकरी करत होती. लोखंड तासायचं शेपिंग मशीन आलं, त्याला नवीन पत्र्याची शेड आली, तरी ती जमिनीवरच. तिला एक ओटा हवा होता. तेवढाच. त्या पैशाचा मालक पांडुरंग, हे मान्य. पण पांडुरंगाला तिच्या गुडघ्यांचं काहीच वाटलं नसतं का? शेवटी तुम्ही ओटा केलात तोही उरलेल्या लोखंडी अँगलचा आणि इतका भक्कम, की त्यावरून मालगाडी जावी. आई मात्र खूश. आजही पाहुण्यांना सांगते, "ह्यांनी सोता केलाय." तिने तुम्हाला कधीच माफ करून टाकलं. मला थोडा वेळ लागतोय.

आणि पगारवाढीचं? गफूरचाचा नाहीतर आणखी कुणी वाढ मागायला आला, की तुम्ही म्हणायचात, "मालकाला इचारतो." कोनाड्यापुढे हात जोडून उभे राहायचात आणि दुसऱ्या दिवशी निरोप यायचा, "मालक म्हनले, दिवाळीनंतर बघू." आता देवाशी कोण भांडणार? माणसं मुकाट्याने कामाला लागायची. तुमच्या मनात कपट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तुम्ही स्वतःला काही घेत नव्हता, म्हणून दुसऱ्यालाही फारसं काही लागत नसेल, असं तुम्हाला खरोखर वाटायचं. पण दादा, त्यांच्या घरात पोरं होती, म्हातारी माणसं होती. त्यांनी काही माळ घातली नव्हती!

हे सगळं आठवतानाही डोळे भरून येतात ते मात्र दिवेलागणीच्या आठवणीने.

मी तेव्हा शाळेत होते. साखर कारखान्यांचा हंगाम होता, उसाच्या ट्रॉल्यांची कामं अंगणभर पडली होती आणि तुम्ही अंधार पडला तरी लेथ थांबवायला तयार नव्हता. "काम म्हंजी पूजा हाय, पूजा मोडायची नसती," असं आईला सांगत होता. आई पदर खोचून आली. तिच्या खांद्यावर तिचं जुनं हिरवं लुगडं होतं. म्हणाली, "पूजा हाय ना? मग पूजेला शेजारती नसती का? हितं हाकेवर शिर्डीत रोज देवाला निजवत्यात. तुमचा इठोबा बी रातच्याला निजतो. आन् ह्या लोखंडानं काय घोडं मारलंय?" तिने हात लांब करून बटण बंद केलं आणि फिरायचं थांबल्यावर लेथवर ते लुगडं पांघरलं. तुम्ही कितीतरी वेळ त्या लुगड्याकडे बघत राहिलात. मग कोनाड्यातली उदबत्ती घेऊन लेथपुढे ओवाळलीत आणि हळूच म्हणालात, "निजा आता, माऊली. दमलासा."

त्या दिवसापासून वर्कशॉपची शेजारती कधी चुकली नाही. दिवा लागला की झाडलोट, तेलपाणी, उदबत्ती, पांघरूण. मग बटणाला कुणी हात लावायचा नाही, तालुक्याचा आमदार येऊन उभा राहिला तरी! गफूरचाचा त्यांच्या नमाजाला जायचे आणि जाताना तेही लुगड्याचं टोक नीट करून जायचे. आणि तुम्ही अंगणात खाटेवर बसायचात. नुसते बसायचात, दादा! खिळ्यांचा डबा न घेता. मी तुमच्या मांडीवर डोकं ठेवून पाढे म्हणायचे. तुमच्या धोतराला लोखंडाच्या किसाचा आणि कटिंग ऑइलचा वास यायचा. तुम्ही मला मिळालात ते फक्त त्या शेजारतीनंतर. तुमच्या धोतराचा तो वास आता कुठेच येत नाही.

सरांनी त्या तासाला शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती तेव्हा माझ्या डोक्यावरून गेली. ते म्हणाले, पुढे पुढे देव मागे पडला आणि काम तेवढं उरलं. कारखाना सुरू व्हायला श्रद्धा लागली होती, चालत राहायला तिची गरज उरली नाही. श्रद्धा गेली आणि भोंगा राहिला. आज त्या साहेबांचा कागद समोर घेऊन बसले आणि ते वाक्य आठवलं. त्यांनी आपल्या शेडमध्ये लावायला एक चकचकीत फलकसुद्धा पाठवलाय. 'काम हीच पूजा.' तुमचेच शब्द, दादा! फक्त आईचं म्हणणं त्यात नाही.

सोपं असतं तर तुम्हाला त्रास दिला नसता. आपल्याकडे सोपान आहे, जामखेडकडचा. आई-बाप दर साली ऊसतोडीला जातात. त्याला रात्रपाळी हवीय. सकाळी म्हणाला, "ताई, दोन पाळ्या केल्या तर औंदा म्हाताऱ्यांना कोयता धरू द्यायचा न्हाई मी. तुमी नगं म्हनू नका." त्याला काय सांगू? की माझ्या वडिलांचा लेथ झोपतो, म्हणून तुझ्या आईने फडात जावं?

गाडीचा आवाज आला. साहेब आले वाटतं, आणि तेही चारच्या आधीच. नंतर लिहिते.

गेले. दिवेलागण होत आलीय, आता परत लिहायला बसलेय.

त्यांना चहा दिला. ते म्हणाले, "मॅडम, मग सोमवारपासून रात्रपाळी धरू ना?" मी म्हटलं, दिवसा होईल तेवढं वाढवते, आणखी एक मशीन टाकते, माणसं घेते. रात्रीचं जमणार नाही. ते म्हणाले, मग वाढीव कामातलं निम्मं दुसरीकडे द्यावं लागेल. मी म्हटलं, द्या. माझाच आवाज मला तुमच्यासारखा वाटला.

त्यांनी फाईल उघडली. "वर कळवायचंय. कारण काय लिहू?"

"लिहा, मालक रात्री झोपतात."

"मालक? कुठे आहेत ते? मी त्यांच्याशी बोलतो."

सकाळी मी होकार दिला नाही, म्हणून सोपान तोंड फुगवून ड्रिलवर वाकला होता. त्याने तुम्हाला कधी पाहिलंही नाही. तो मान न वळवता म्हणाला, "ते उभे हायेत. बसत न्हाईत."

दादा, अख्खं वर्कशॉप हसलं. साहेबांना काही कळलं नाही, आणि मी डोळ्यांत कचरा गेल्याचं निमित्त करून आत गेले.

बाहेर आले तेव्हा सोपान परत ड्रिलवर वाकला होता. एक विनोद केला म्हणून त्याची अडचण मिटत नाही, हे मलाही कळतं. नव्या मशीनला माणसं लागतील, रंगकामाला लागतील. तुझ्या आई-बाबांना इकडेच बोलाव, मागच्या खोलीत राहतील, असं मी त्याला म्हटलं. "इचारतो," एवढंच म्हणाला. आणि त्याचा पगार मी याच महिन्यापासून वाढवतेय. सगळ्यांचाच. माझ्या हिश्श्यातून. दिवाळीनंतर नाही!

तेव्हा दादा, माझा शब्द घ्या. ही पाटी मी उतरवणार नाही. पण मालकाचं नाव मी पगार अडवायला कधी घेणार नाही. ते ओझं देखरेखवालीचं, मीच उचलीन. त्यांचं नाव घेईन ते फक्त दिवेलागणीला, माणसं घरी पाठवायला. आणि तो चकचकीत फलक लावणारच असेन, तर त्याच्याखाली आईचं वाक्य रंगवून घेईन, 'मग पूजेला शेजारती नसती का?'

मागच्या दाराशी आई येऊन उभी राहिलीय. रोजच्यासारखं विचारतेय, "निजली का गं माऊली?" लुगडं आता पार विरलंय, पण तिला दुसरं चालत नाही. उठते. उदबत्ती लावायचीय.

मग अंगणात तुमच्या खाटेवर आईजवळ जाऊन बसेन. नुसती.

तुमची,
शैला
(देखरेख)