पाचपट डोंगर

प्रिय मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (लांबूनच, प्रत्यक्ष वाकता येत नाही, कमरेत उसण भरली आहे, ती का ते पुढे येईलच). मामींचे गुडघे काय म्हणतात? म्हशी, कुंपण, शेजाऱ्याशी चाललेलं बांधावरचं भांडण, सगळं जागच्या जागी आहे ना? इकडे आम्ही उभयता ठीक. म्हणजे ती ठीक आहे. माझ्या केसांतून पांढरं पडतं ते वय की प्लास्टर, हे तिला ठरवता येत नाही, एवढंच.

तर झालं असं. आमच्या मोजणी कचेरीत डोंगरदऱ्यांची प्लास्टरची मॉडेलं करायचं काम माझ्याकडे आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे (तुम्ही त्याला मातीची खेळणी म्हणता, मी मनावर घेत नाही). एक दिवस साहेबांनी बोलावून सांगितलं, दर्शनी हॉलमध्ये अख्खी नदी हवी, उगमापासून मैदानापर्यंत, दोन पलंग टोकाला टोक लावून ठेवावेत एवढी लांब. मी म्हटलं, साहेब, ही तर माझ्या मामांची नदी! ते म्हणाले, सरकारची आहे, पण करा. मग मी जीव ओतला. वर कातळातून धडपडत येणारं पाणी; मध्ये तुमच्या घराखालचं वळण, जिथे दोन्ही काठांचा खडक जवळ येतो आणि नदी अंग चोरून निघून जाते; आणि खाली तो गोट्यांचा माळ, जिथे ती पाय पसरते, दर वर्षी नवी वाट धरते आणि जुन्या पात्राला ओळखसुद्धा देत नाही. तुमच्या घराच्या जागी मी लाल डोक्याची टाचणी ठोकली. शेजाऱ्याच्या घराला टाचणी दिलेली नाही.

पण खऱ्या मापाने केल्यावर पंचाईत झाली. मामा, आपल्या डोंगराकडे पायथ्यावरून बघताना मान दुखते, पण एवढी लांब दरी दोन पलंगांत बसवली की शिखरं चार बोटांची होतात. साहेब म्हणाले, "मी डोंगर मागितला होता, तुम्ही चुरगळलेली चादर आणलीत." आमच्या धंद्यात यावर जुना उपाय आहे. लांबी-रुंदी आहे तशी ठेवायची आणि उंची तेवढी वाढवायची. सगळेच वाढवतात. मी पाचपट वाढवली (साहेब दहापट म्हणत होते, मीच आवरलं, पण त्याचं श्रेय कोण देतो!). 'उंची पाचपट' अशी पाटीही रीतसर लावली. ती साहेबांनी काढायला लावली. सरकारी वस्तूवर 'पाचपट' हा शब्द दिसला की लोकांना भलतेच हिशेब आठवतात म्हणे.

उंची वाढली तसा उतारही वाढला. तुमच्या अंगणातून नदीकडे जाणारी वाट, जिच्यावरून म्हशी रवंथ करत उतरतात, तिची सरळ भिंत झाली. तुमचं घर कपाटावर ठेवलेल्या डब्यासारखं दिसू लागलं. हे सगळं चौघांनी उचलून हॉलमध्ये नेताना शिखरांची बाजू माझ्या वाट्याला आली, आणि उसण तिथेच भरली.

मग पुलाची समिती आली. हो, तोच पूल, ज्याच्यासाठी तुम्ही कचेरीचे उंबरे झिजवलेत. इंजिनियरच्या कागदांत स्वच्छ लिहिलं होतं की पूल वळणावरच हवा, तिथे पात्र अरुंद आणि दोन्हीकडे पक्का खडक. अध्यक्षांनी कागद बाजूला सारले. म्हणाले, "कागदावर काय, काहीही लिहिता येतं. इथे डोळ्यांनी दिसतंय!" तुमच्या टाचणीवरून त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि चक्क टेबलाची कड घट्ट धरली. मग त्यांचं बोट गोट्यांच्या माळावर गेलं. पूल इथे. इंजिनियर बिचारा सांगत होता की तिथे नदी जागा बदलते, पूल एकीकडे राहील आणि पाणी दुसरीकडून जाईल. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "मॉडेलमध्ये तर हलताना दिसत नाही." इंजिनियरने माझ्याकडे पाहिलं, मी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. एवढं हुबेहूब काम उभ्या आयुष्यात बघितलं नाही, असं म्हणून अध्यक्षांनी माझी पाठ थोपटली आणि माझ्या बढतीची शिफारस करून टाकली. अशा वेळी 'पाचपट' हा शब्द घशातच अडकतो, मामा. तुमच्याही अडकला असता.

मला काही वाटत नाही असं मात्र समजू नका. गेल्या वर्षी नदी चढलेली असताना मामींना खाटेवर घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा खाटेची मागची बाजू माझ्या खांद्यावर होती. पाणी छातीला लागलं तेव्हा मी मामींपेक्षा मोठ्याने रडत होतो. पूल व्हायला हवाच. पण सगळंच एकदम कसं होणार?

मामींना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचाच,
भाचा

ता. क. एक किरकोळ काम आहे. इंजिनियरने फारच हट्ट धरल्यामुळे अध्यक्ष पुढच्या आठवड्यात स्वतः वळणावरची जागा बघायला येताहेत. वाट दाखवायला ते तुम्हालाच बोलावतील. त्यांना म्हशींच्या वाटेने आणू नका. मागच्या घळीतून आणा, जिथे शेळीसुद्धा दोनदा विचार करते. हातापायांवर चढत वर आले म्हणजे मॉडेलची आणि माझीही लाज राहील.

आणखी ता. क. मामींनी त्या दिवशी लंगडत समोर येऊ नये. अध्यक्ष मनाने हळवे आहेत.

शेवटचं ता. क. मामा, हे अक्षर माझं आहे, भाचेसुनेचं. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. अध्यक्षांना म्हशींच्याच वाटेने आणा, आणि म्हशी पुढे चालू द्या. मामींना दारातच बसवा. ह्यांची नोकरी गेलीच तर आम्ही दोघं तिकडे राहायला येऊ. पूल झालेला असला म्हणजे सामानाचा ट्रक थेट तुमच्या अंगणात येईल.