लाल ठिपक्याची थाळी

मंगळवार, संध्याकाळ

लूमवाले रफीकभाई दवाखान्यात गोळ्या न्यायला आलेच नाहीत. म्हणून मीच गोळ्यांची बाटली घेऊन ते जेवतात त्या बिस्सीत, म्हणजे यंत्रमाग कामगारांच्या खानावळीत गेलो. त्यांच्या थाळीला नेलपॉलिशचा लाल ठिपका. वेगळी थाळी.

“सबने गोली देख ली, तब से,” ते म्हणाले. “इसलिए बंद कर दी.”

गोळ्या मध्येच सोडल्या तर लिव्हर जाईल, हे किती वेळा सांगू? ही ‘बी’ प्रकारची कावीळ रक्तातून पसरते, ताटातून लागत नाही, तेही सांगितलं. बिस्सीवाली खाला हसली. “तो तू खा ले इसी में, डाक्टर.”

त्याच थाळीत जेवलो. वाटलं, आता सगळ्यांना पटेल.

खालाने माझ्या पेल्यालाही लाल ठिपका लावला. रफीकभाईंनी मी दिलेली बाटली गुपचूप माझ्या खिशात परत ठेवली.

उद्या पुन्हा जायचं. पण काय सांगणार?