एसीच्या पाण्याची पाळी

२१ एप्रिल, सोम.
वाडीच्या अभ्यासिकेत एसी बसवून झाला. पत्र्याची खोली, आत भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी. दुपारी तिथं पापड भाजून निघेल. बटण दाबणार, तेवढ्यात नाना आले. पाणी समितीचे अध्यक्ष. पाइपाकडे बोट.
"ह्यातून काय येनार?"
म्हटलं, थोडं पाणी. खिडकीबाहेर सोडलंय.
"सोडलंय म्हंजे? वाया?"
ज्या गावात बोअर घ्यायला बंदी आहे तिथं हे बोलायला नको होतं. पाणी कुठं जाणार ते ठरेपर्यंत एसी बंद.

२२ एप्रिल, मंगळ.
पाइप शाळेच्या झाडांपर्यंत न्यायचा तर ते जादा काम, कोटेशनमध्ये नाही. आणि लेखी मंजुरीशिवाय जादा काम करायचं नाही हा माझा नियम. सरपंच मंगलताईंकडे गेलो. "मंजुरी देनारी मी कोन? ग्रामसभा देईल. गुरुवारी या."
तोवर खाली बादली ठेवू का, विचारलं. नाना तिथंच होते. "आन् वतायची कुनाच्या झाडाला?"
रात्री जेवताना बायकोला, सुनीताला सांगितलं. तिचा घास हातातच. "पाइपासाठी ग्रामसभा?"

२४ एप्रिल, गुरु.
सभा. देवळाच्या बागेवाले एकीकडे, शाळेवाले दुसरीकडे. मागून कुणीतरी विचारलं, "सायेब, पानी किती निघंल?" सगळ्या माना माझ्याकडे. मी म्हणालो, दिवसाला बादलीभर.
का म्हणालो? गेल्या पावसाळ्यात नगरला एका दवाखान्यात पाहिलं होतं, तेच डोक्यात. पण लोकांचे चेहरे असे उजळले की शब्द मागे घेता येईना.
ठराव: पाइपाला दोन फाटे, मधे कॉक. एक दिवस देऊळ, एक दिवस शाळा. विहिरीसारखी पाळी. आधी मी पाणी मोजून आकडा कळवायचा. मोजणीपुरता एसी चालवायला हरकत नाही.
मंजुरी लेखी मिळाली. आनंद व्हायला हवा होता.

२५ एप्रिल, शुक्र.
मोजणी. पाइपाखाली बादली, आत पोरं गारेगार. अश्विनी, गेल्या भरतीत थोडक्यात राहिलेली, म्हणाली, "सर, पहिल्यांदाच दुपारी डुलकी न येता गणितं झाली."
संध्याकाळी बादली पाहिली. तळ ओला. तांब्यात ओतलं. अर्धा तांब्या, तोही ओढूनताणून.
एप्रिलच्या कोरड्या हवेत बाष्प नाही तर पाणी येणार कुठून? हे मी कॉलेजात शिकलोय. बी.एस्सी., फिजिक्स.

२६ एप्रिल, शनि.
तेवढंच. नाना बादलीत वाकून बराच वेळ बघत राहिले. "कुनी वतून नेलं का?" म्हटलं, नाही हो, एवढंच निघतंय. ऐकलंच नाही. "देवळावालं लई पोचलेलं हायेत."
परत निघताना पाहिलं तर शाळेवाल्यांनी बादलीशेजारी खाट टाकली होती. पलीकडे देवळावाल्यांची खुर्ची.

२७ एप्रिल, रवि.
सभेपुढे उभं राहून सांगायचं की पाणी नाही. मग ठराव रद्द, नवी सभा. मोजणी संपली म्हणजे एसीही बंद. पोरांची परीक्षा पुढच्या रविवारी.
न सांगता फाटे जोडले तर तांब्याभरही नसलेल्या पाण्यासाठी गावाच्या गळ्यात दोन पाइप नि एक कॉक.
पावसाळ्यात येईल की पाणी, अशी स्वतःची समजूत घातली. पावसाळ्यात त्यांना ते कशाला हवंय?

२८ एप्रिल, सोम.
अश्विनीला खरं सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. ती जराही विचारात पडली नाही. "सर, पाणी रोज सारखं थोडंच येतं? सरासरी काढायला लागंल. रविवारपर्यंत मोजा की."
गणितं खरंच चांगली झालीत तिची.
सुनीता म्हणते, तुम्ही त्या पोरीच्या आड लपताय. असेल.

२९ एप्रिल, मंगळ.
दुपारी अभ्यासिकेतच होतो, मंगलताईंचा फोन. देवळावाले, शाळेवाले एकत्र बसले, आता गुरांच्या हौदालाही तिसरा फाटा काढायचं ठरलंय. "समद्यांची मंजुरी हाय. तेवढी तुमची राहिली. जमंल न्हवं?"
इतकी वर्षं मी दारोदार मंजुरी मागत फिरलो. माझ्याकडे आजवर कुणी मागितली नव्हती.
"आन् मोजनी झाली का?"
पुस्तकात घातलेलं अश्विनीचं डोकं वर आलं. पेन थांबलं. खिडकीतून बादली दिसत होती. दोन्ही पक्षांचे राखणदार घोरत होते आणि काठावर बसून एक चिमणी आत वाकली होती.
म्हटलं, "चालू आहे, ताई."
खोटं म्हणता येणार नाही. तेवढ्यात एक थेंब पडला होता.