जावयासाठी चौथी खेप

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र मिळालं. रविवारी दोघं येताय हे वाचून तुझ्या आईने लगेच पडदे धुवायला काढले. पण जावईबापूंचा डबा तू घरूनच आणणार म्हणतेस. त्यांना गहू सोसत नाही आणि त्यांचा तोंडावर ताबा नाही, मागच्या वर्षी आमच्याकडे येताना वाटेत काहीबाही खाल्लं आणि इथे तीन दिवस अंथरूण धरलं, असं तू लिहिलंयस. ते मी दोनदा वाचलं आणि तडक ओव्हन लावला. त्याला आज आठ दिवस झाले.

बेत असा, की गव्हाचा कणही नसलेली, मसाल्याची, फळं घातलेली मऊ बिस्किटं करायची. चाळीस वर्षं बेकरी चालवलेल्या माणसाला हा डाव्या हातचा मळ. कसलं काय! तांदळाचं पीठ, बदामाची पूड, दालचिनी, सुंठ, जायफळ घेतलं आणि सवयीने मळायला लागलो. मैदा मळला की ताणला जातो, उलट जोर लावतो. हे पीठ आपलं गप्प. वीस मिनिटांनी तुझी आई म्हणाली, की त्याच्याशी भांडू नका, ते काही बोलणार नाही. त्या खेपेतलं एक बिस्किट तिने दार आपटू नये म्हणून खाली लावलंय. दुसऱ्या खेपेला मऊपणासाठी किसलेलं सफरचंद सढळ हाताने घातलं. ट्रेमध्ये चोवीस गोळे ठेवले आणि बाहेर एकच बिस्किट काढलं.

मग अक्कल आली. सफरचंद पिळून घ्यायचं आणि कालवलेलं पीठ अर्धा तास नुसतं झाकून ठेवायचं, म्हणजे तांदळाचा रवाळपणा जातो. मनुका टाकल्या. तिसरी खेप अशी जमली की मी स्वतःचीच पाठ थोपटणार, तेवढ्यात आई किंचाळली. ओटा पांढरा होता! गोळे वळताना चिकटू नयेत म्हणून माझ्या हाताने डब्यातला मूठभर मैदा भुरभुरला होता, आणि मला पत्ताच नाही. जित्याची खोड, दुसरं काय. ती सगळी खेप वरच्या मजल्यावरच्या शिंप्याने फस्त केली. आता जिन्यात भेटला की विचारतो, पुन्हा कधी चुकणार?

तेव्हापासून मैद्याला घरात बंदी आहे. भांडी नवी, ट्रे नवा. बेकरीतून आलो की पिठाने माखलेला सदरा दाराबाहेरच उतरवतो. शेजाऱ्यांना वाटतं, आईने मला घराबाहेर काढलंय. पण काल चौथी खेप साधली. आज सकाळीही बिस्किटं आतून मऊच होती.

हे सगळं चार ओळींत सांगता आलं असतं. मी लांबण लावतोय, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. भिंगरी, जावईबापूंनी वाटेत काहीच खाल्लं नव्हतं. त्यांनी माझा केक खाल्ला होता. गहू सोसत नाही म्हणजे आजकालचे नखरे, असं मला वाटलं. ते उघडे पाडायला मी मुद्दाम दोन मुठी मैदा घातला आणि तांदळाचा म्हणून हसत वाढला. मला बरं वाटावं म्हणून त्यांनी आणखी एक तुकडा मागून घेतला. मी औषध घेऊन गेलो तेव्हा, तू खोलीत नाहीस हे बघून, त्यांनी हळूच विचारलं, की केकमध्ये गहू होता का, डॉक्टरांना सांगावं लागेल. मी होकारार्थी मान हलवली. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तुला सांगितलं की वाटेत खाल्लं. वर्षभर त्यांनी तुझी बोलणी खाल्ली आणि मी ती खाऊ दिली. मला लाज वाटते. डबा जरूर आण. माझ्यावर विश्वास ठेव म्हणायला मला तोंड नाही. फक्त हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच आणि आधी त्यांची माफी माग. मग मला काय बोलायचं ते बोल. आईला अजून काही माहीत नाही. तिला मीच सांगेन, तेवढं माझ्यावर सोड.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
बाबा