आलिनचा उजवा खांदा

पील, आयल ऑफ मॅन
२ मे १९८४

ती. आलिनताईस,

धाकट्या भावाचा शि. सा. न. खरं तर लोटांगणच घालणार होतो, पण धुरीघरात फरशीभर माशाचं पाणी आहे, तेव्हा उभ्या उभ्याच पोचलं असं समज. वि. वि. म्हणजे खरोखरच विनंती, की बोल बाई माझ्याशी.

सोमवारी बोटीवर चढताना तू आईला मिठी मारलीस, बाबांना हात केलास, शेजारच्या मिसेस कॅनेलच्या कुत्र्याच्यासुद्धा डोक्यावरून हात फिरवलास. मी तुझी बॅग घेऊन उभा, तर माझ्याकडून बॅग तेवढी ओढून घेतलीस. हमालालाही लोक थँक्यू म्हणतात गं. आई घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि घरी आल्यावर थांबली नाही.

आता त्या शनिवारचं. चर्चच्या हॉलमध्ये तुझ्या निरोपाचा चहा होता, मान्य. पण भाषणं लांबली होती हे तूही मान्य कर. पाद्रीबुवा आदम-ईव्हपासून निघाले होते आणि चहा झाला तरी नोहाच्या बोटीपर्यंत पोचले नव्हते. लोक जांभया देत होते. कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं की इलियम, बहीण कशी चालते ते करून दाखव रे, आणि मी टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. पाद्रीबुवांच्या नाकातून चहा आला त्यात माझा काय गुन्हा? तू कोट घालून दारातच उभी आहेस हे मला तू दार आपटलंस तेव्हा कळलं.

इकडे बाबा धुरीघरातच असतात. आईला झोप नाही. मिसेस कॅनेल रोज येऊन तिला धीर देते, म्हणजे घाबरवते. काल म्हणाली की सप्टेंबरात चालताना गुडघा वाकतो म्हणून लाल पाटी दाखवून शर्यतीबाहेर काढलं, एप्रिलात पुन्हा काढलं, आता नॉर्वेत बर्गनला तिसऱ्यांदा काढलं तर निवड समितीनं सांगूनच ठेवलंय म्हणे, की उन्हाळ्यातल्या मोठ्या स्पर्धेला पोरीचं नाव नाही, आणि पुढेही विचारणार नाहीत. आई म्हणाली की ते मला ठाऊक आहे, मी तिची आई आहे. मग दोघी रडल्या आणि केक संपवला.

बर्गनला आपल्या लोकांचं काय होणार ते पेपरात आलंय. अडथळ्यांच्या शर्यतीतल्या पोराचं पदक त्यांनी आत्ताच खिशात घातलंय. हातोडाफेकवाल्याचं बघू म्हणतात. तुझ्या रूममधली ती वेल्सची गोळाफेकवाली, तिला 'होतकरू' म्हटलंय. आणि सगळ्यात खाली तू. 'चालण्याची शर्यत : स्किलिकॉर्न, पूर्ण करू दिली तर.' मी त्या पेपरवाल्याचं नाव लिहून घेतलंय. कधी पीलला आला तर त्याला आपल्या धुरीतला खास किपर मासा देईन, मांजरानं चाटलेला.

लोभ आटला असेल तर तळाशी थोडा शिल्लक ठेव.

तुझा
इलियम

•

लीड्स
७ मे १९८४

चि. इलियम यास,

आशीर्वाद सध्या राखून ठेवलेत. पत्र लिहितेय ते आईनं फोनवर गळ घातली म्हणून.

तू एक नंबरचा लांबशेपट्या आहेस. मांजर ज्याच्यामागे धावते त्या प्राण्याचं खरं नाव आपल्या बेटावर कोणी घेत नाही, मीही लिहीत नाही, गावच्या बोटींना उगाच अपशकुन नको.

लोक हसले म्हणून मला राग आला असं तुला वाटतं. अरे, मी चालायला लागल्यापासून लोक हसतायत. पोरं मागून कंबर हलवत येतात, ट्रकवाले भोंगे वाजवतात. त्याची सवय झालीय. पण त्या दिवशी हॉलमधले लोक असे हसले, की जणू इतकी वर्षं तोंड दाबून बसले होते आणि माझ्याच भावानं त्यांना परवानगी दिली. माझ्या शाळेतल्या बाई हसत होत्या. केक वाटणाऱ्या बायका हसत होत्या. उद्या मी जिंकले तर त्याच माझे फोटो लावतील.

आणि तुझं ते शेवटचं, हात हनुवटीला लावून टुणकन उडी मारण्याचं, ते तर तू पदरचं घातलंस. मी तशी चालत नाही. मी तशी चालत असते तर पंचांनी मला बाहेर काढलं ते बरोबरच होतं म्हणायचं. बार्टन सर वर्षभर माझ्या गुडघ्यावर मेहनत घेतायत, रोज रात्री मी आरशासमोर चालते, गुडघा काठीसारखा सरळ असतो. तरी शर्यतीत काय होतं ते देवाला माहीत. तुला नक्कीच नाही.

इथे सरावशिबिरात पाऊस आणि बटाटे. डिलिस, ती गोळाफेकवाली, माझेही बटाटे खाते. बरी आहे. निदान हसत नाही.

बाबांना सांग, वेळेवर जेवा.

आलिन

•

पील
१० मे १९८४

ती. ताईस सा. न.

जास्त लाडीगोडी करत नाही, महत्त्वाचं आहे.

ती उडी मी पदरची घातली नाही. नक्कल म्हणजे काय, उगाच हातपाय झाडणं नाही गं. हिवाळाभर पहाटे तुझ्यामागे सायकल घेऊन यायचो ते आईला वाटायचं बहिणीची काळजी, पण मी नकलेच्या धंद्यासाठी यायचो. कंबर कोणालाही हलवता येते. नुसत्या कंबरेवर मिसेस कॅनेल हसते, अख्खा हॉल नाही हसत. अख्खा हॉल हसवायचा तर माणसाचं असं काहीतरी सापडावं लागतं, जे त्याचं त्यालाही ठाऊक नाही.

तर ऐक. तू एकटी चालतेस तेव्हा नक्कल करण्यासारखं काहीच नसतं. घड्याळाचा लंबक. बघून बघून झोप येते. पण मी घंटी वाजवून तुझ्या उजव्या बाजूनं सायकल पुढे काढली, की खेळ सुरू. आधी तुझा उजवा खांदा कानाला भेटायला निघतो. मग उजवा हात हनुवटीपर्यंत चढतो. आणि हात तिथे गेला की डावा गुडघा वाकतो, पाऊल टेकायच्या आधीच दुसरं सुटतं, म्हणजे चालणं संपून पळणं, चिखलातून कोंबडी जाते तशी. मी मागे पडलो की परत लंबक.

दमल्यामुळे होतं असं म्हणू नकोस. सेंट जॉन्सच्या चढावर तू दमून टोमॅटो झालेली असतेस, पण एकटी असलीस तर पाय तारेसारखा सरळ. मी गंमत म्हणून कितीतरी वेळा करून पाहिलंय. पुढे गेलो की कोंबडी, मागे आलो की लंबक. तेव्हा हसत होतो. त्या पंचांना हेच दिसतं हे माझ्या टाळक्यात तुझं पत्र वाचल्यावर आलं.

आरशासमोर नको चालू. आरसा तुला ओव्हरटेक करत नाही.

हॉलमध्ये लोक हसले त्याचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा नाही वाचवलं.

पत्र फाडायचं तर आधी त्या सरांना दाखव, मग फाड.

इलियम

•

लीड्स
१४ मे १९८४

चि. इलियम यास आशीर्वाद. थोडे सुटे केलेत.

तुझं पत्र वाचलं आणि चुरगळून फेकलं. ते डिलिसनं उचललं, वाचलं (दुसऱ्यांची पत्रं वाचणं आणि बटाटे खाणं, हिचे दोनच छंद) आणि मला दंडाला धरून ट्रॅकवर नेलं. सरांना म्हणाली की तुम्ही फक्त बघत राहा. मी चालायला लागले. मला माहीत होतं काय होणार आहे, मी खांद्यावर लक्ष ठेवून होते. तरी ती बाई गाढवासारखी धापा टाकत उजवीकडून पुढे घुसली आणि सरांनी शिट्टी फुंकली. मी खाली पाहिलं तर माझा हात हनुवटीशी.

सर म्हणाले की आपण वर्षभर गुडघ्याला शिव्या देत होतो, आणि चोर वरच्या मजल्यावर बसला होता.

तेव्हापासून रोज सगळी टीम मला ओव्हरटेक करते. अडथळेवाला करतो, लांब उडीवाल्या करतात. हातोडाफेकवाला तर पुढे जाताना सँडविच खात होता, आणि जाताना मला विचारलं की तुला हवंय का. मी फक्त हात खाली ठेवायचा आणि त्याला जाऊ द्यायचं.

हात खाली ठेवणं सोपं आहे रे. जाऊ देणं अवघड आहे. मी घरातल्या जिन्यावरसुद्धा तुला कधी पुढे जाऊ दिलं नाही. कोणी बाजूला आलं की माझ्या पोटात काहीतरी पेटतं. त्याच्याच जोरावर इथवर आले असं मला वाटायचं. आता त्यालाच सांगायचं की तू घरी बस.

परवा निघतो. खांदा दहातून सात वेळा ऐकतो, तीन वेळा नाही. शर्यतीत तीन वेळा पुष्कळ होतात. आईला यातलं काही सांगू नकोस. बाबा विचारणार नाहीतच.

लोभ आहे. उतू जाऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

•

बर्गन, नॉर्वे
२० मे १९८४

चि. इलियमला भरपूर आशीर्वाद,

पाय फोडांनी भरलेत म्हणून पलंगावर बसून लिहितेय. ओळी वाकड्या आल्या तर डिलिस शेजारी उड्या मारतेय. तिनं गोळा आजवरच्या सगळ्यात लांब फेकला आणि चौथी आली. पेपरवाल्यांनी ज्याचं पदक खिशात घातलं होतं तो अडथळेवाला शेवटच्या अडथळ्याला पाय लागून पाचवा.

आता माझं. गारा पडत होत्या. सुरुवातीला मी पुढे, माझ्यामागे नॉर्वेच्या दोघी, एक स्वीडनची, एक डेन्मार्कची, मग बाकीच्या. वळणावर एक म्हातारा पंच असा वाकून बघत होता, जणू माझ्या बुटाखाली त्याचं काही हरवलंय. पहिली नॉर्वेची पोरगी उजवीकडून आली, अगदी कोपराला कोपर लावून, आणि खांदा गेला वर. लगेच पांढरी पाटी, म्हणजे पहिली ताकीद. इलियम, सप्टेंबरात हेच झालं होतं. पांढरी दिसली की मी चिडायचे, चिडले की जोर लावायचे, आणि मग लाल.

दुसरी आली. मी हात खाली सोडला आणि मनात म्हटलं, जा बाई, सँडविच हवंय का? गेली. मग स्वीडनची गेली. मग डेन्मार्कची. मी पाचवी, सगळ्यांच्या पाठी बघत चालले होते. लोकांना वाटलं असेल ही संपली. डोळ्यांत पाणी होतं, गारांमुळे कोणाला कळलं नसेल. पण पाय लंबकासारखे पडत होते, मला स्वतःला ऐकू येत होते. तो म्हातारा पुन्हा वाकला, मी समोरून गेले, तो सरळ उभा राहिला आणि मागच्या मुलीकडे बघायला लागला. आयुष्यात कोणी माझ्याकडे दुर्लक्ष केल्याचा एवढा आनंद मला झाला नव्हता.

मग पुढे ज्या घाईत होत्या त्यांच्यातल्या एकीला लाल पाटी मिळाली. स्वीडनच्या मुलीचा दम संपला, तिला मी गाठलं, बाजूनं गेले, आणि बघ, तिचाच खांदा वर गेला! मला तिला सांगावंसं वाटलं.

तिसरी आले. लाल पाटीशिवाय, पूर्ण करून. संघाच्या व्यवस्थापकांनी हात हातात घेतला आणि म्हणाले की समितीकडे माझं नाव ते स्वतः पाठवतायत. मी म्हटलं पाठवा.

सरांनी तुला विचारलंय, इतरांच्या नकला करायला लीड्सला येशील का. हातोडाफेकवाला घाबरलाय.

गुरुवारी की शुक्रवारी संघ जाहीर होईल. तोवर आईला फक्त एवढंच सांग की मी जेवते.

लोभ किती आहे ते पत्रात मावत नाही.

ताई

•

पील
२६ मे १९८४

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार, या वेळी खरा. फरशी पुसून घातला, आई साक्षीला आहे.

गुरुवारच्या पेपरात आलं. शेवटून दुसऱ्या पानावर, खाली, अक्षरं मुंगीएवढी. उन्हाळी स्पर्धेचा ब्रिटनचा संघ, आणि त्यात 'चालणे, महिला : आ. स्किलिकॉर्न (आयल ऑफ मॅन)'. आईनं ते भिंगातून वाचलं, मग भिंगाशिवाय वाचलं, मग मिसेस कॅनेलला वाचायला लावलं. मिसेस कॅनेल म्हणाली की मला पहिल्यापासून खात्री होती. पाद्रीबुवांनी रस्त्यात मला थांबवलं आणि म्हणाले की तुझी ताई आल्यावर पुन्हा चहा ठेवायचा. मी म्हटलं ठेवा, पण भाषण नोहाच्या बोटीनंतरचंच करा. हॉलमधल्या त्या बायका आईला येऊन भेटून गेल्या, एकेक करून, प्रत्येकीच्या हातात केक. घरात आता ब्रेड नाही, फक्त केक आहे.

लीड्सला यायचं बघतो. हातोडेवाल्याला सांग, मी त्याचं सँडविच आधी बघणार.

आता बाबांचं. गुरुवारी त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढला आणि धुरीघरात गेले. मी मागोमाग गेलो. धूर फार होता म्हणाले. धूर रोजच असतो.

काल सकाळी पेपरच्या दुकानातून आदल्या दिवसाच्या उरलेल्या पेपरांचा गठ्ठा आला, किपर बांधायला, नेहमीसारखा. बाबांनी दोरी सोडली, वरचा पेपर पाहिला, खालचा पाहिला, आणि गठ्ठा उचलून घरात कपाटात ठेवून आले. दुकानात दुसरा कागद नव्हता. बाहेर शनिवार-रविवारच्या गिऱ्हाईकांची रांग. मी म्हटलं की बाबा, नाव एका पानावर आहे, तेवढं पान काढून ठेवू, बाकीच्यात मासे बांधू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरकलो. म्हणाले की ज्या पेपरात माझ्या पोरीचं नाव आलंय, त्याच्या कुठल्याच पानाला मासा लागणार नाही.

तेव्हा काल अख्ख्या पीलनं किपर शेपटीला धरून नेले. मँचेस्टरची एक बाई टोपीत घालून घेऊन गेली. कोणी कुरकुर केली की बाबा धुरानं काळे झालेले हात पुसायचे, कपाटाकडे बोट दाखवायचे, आणि सांगायचे की कागद आहे, पण तो मुलीचा आहे.

सगळ्यांचा लोभ तुझ्याकडे निघालाय, सांभाळून घे.

तुझा
इलियम