शेवगा दारात लावू नये

२ जून
तोडला मेल्यानं. माझा शेवगा. मी नेऱ्याला बहिणीकडं जेवायला काय गेले, तेवढ्यात बुंध्यापासून साफ. ही बिल्डिंग झाली तेव्हा बिल्डरनं आमचं घर घेतलं, वालाचा वाफा घेतला. मी बोलले होते, मागचा शेवगा सोडून काय ते बोला. सोडला. बिल्डरनं सोडला तो सेक्रेटरीनं तोडला. का, तर गाडीवर अळ्या पडतात.
(यापुढं नुसता से. एवढा लांब शब्द लिहायची त्याची लायकी नाय.)
वर गेटच्या फळ्यावर त्याच्याच हातचा सुविचार. रोज तीन ओळी. निसर्ग, आशा, ध्येय, त्यापलीकडं जात नाय. आजचा:

झाड गातसे
हिरवे आशागीत
ऐक माणसा

थांब. तुलाच ऐकवते.

३ जून
जाब विचारायला गेले. तळमजल्यावर राहतो. बायकोला पुढं केलं. "आजी, ते अंघोळीला गेलेत." आत खोकला कुणाचा मग, भिंतीचा? सांजचं परत गेले. "आजी, तो कमिटीचा निर्णय आहे." कमिटीला हात असतात काय गो कोयता धरायला? दार हळूच लोटून घेतलं. बाई वाईट नाय. पण ढाल हाय.

४ जून
नात बोलली, आजी, त्या तीन ओळींना हायकू बोलतात. मी बोलले, हाय तर हाय, कू कशाला? लोळून हसली. मग समजावलं. पाच अक्षरं, मग सात, मग पाच. चौथीत शाळा सुटली माझी, पण बोटांची पेरं काय सुटली नायत. भाकऱ्या थापता थापता जुळवलं. दुपारी फळ्यावर, त्याच्या ओळींखाली:

झाड गाईना
मान कुणी कापली
गाणार कसं

वॉचमन बोलला, "आजी, साहेब ओरडतील." ओरडू दे. तोंड तरी उघडेल.

५ जून
पुसलं. फक्त माझं. परत लिहिलं. परत पुसलं. खडू त्याचा, हात माझा, बघू कोण दमतो.

७ जून
फांद्या कचऱ्याच्या कोपऱ्यात पडल्यात. शेवग्याची फांदी मेल्यासारखी दिसते, मातीत खोचली की फुटते. मनगटाएवढी एक उचलली.
आमच्यात बोलतात, शेवगा दारात लावू नये, घरात भांडणं लागतात. म्हणून तर मी मागं लावला होता.
आणि म्हणून तर ही फांदी से.च्या दारात लावली. त्याच्या खिडकीखाली, तगरीच्या आड. टोकाला शेणाचा गोळा बसवला, पाणी शिरून कुजायला नको. लाग बाई लवकर. पेटव घर.

१९ जून
फळ्यावर:

ध्येय असावे
आभाळाएवढे रे
पंख पसर

खाली मी:

पंख फुटले
टपावर अळीला
तुझ्या आधीच

वरच्या मजल्यावरची मंडळी खाली उतरून वाचत होती, फोटो काढत होती. से. गाडी पुसत होता. मान वर नाय.
ध्येय मला पण हाय. आभाळाएवढं नाय, दोनच शब्द. "मी तोडला." त्याच्या तोंडून. बास.

८ जुलै
फांदीला डोळे आले!! हिरवे, मोहरीएवढे. से. आशा आशा लिहितो, त्याला काय कळते. कुणाचं तरी वाटोळं व्हावं म्हणून रोज वाकून फांदी बघणं, ती पण आशाच.
पण पावसानं दडी मारलीय नि खालची माती ओली. पाणी कोण घालतंय?

९ जुलै
पकडली. से.ची बायको! तांदूळ धुतलेलं पाणी ओतत होती.
"मला माहितीये कुणी लावलंय ते."
"मग उपटलं का नाय?"
"माहेरी होता आमच्या, साताऱ्याला. शेंगा धरतील ना हो आजी?"
माझ्या सुडाला हिनं तांदळाचं पाणी घातलं. डोकं असं फिरलं की आमटीत मीठ दोनदा पडलं. सून बोलली, आज खारं झालंय. मी बोलले, गिळ.

२ ऑगस्ट
लागलं! लागलं भांडण! गॅलरीत डाळ निवडत होते, सगळं ऐकलं.
से.: "ती म्हातारी मुद्दाम लावून गेलीय!"
ती: "मग मी मुद्दाम पाणी घालते!"
से.: "लोक हसतायत मला."
ती: "तुम्हाला हसतात. दारात जाऊन खोटं मी बोलते."
मग भांडं पडल्याचा आवाज.
डाळ निवडून झाली. जेवण गोड लागायला हवं होतं. लागलं, पण निम्मंच. भांडण त्याच्या वाट्याला मागितलं होतं, तिच्या नाय. शेवग्याला काय कळते कुणाला धरायचं.

७ ऑगस्ट
ती वर आली. डोळे सुजलेले. चहा दिला. "रविवारी माणूस बोलावलाय, ते उपटायला. तुम्हाला सांगून यायला सांगितलंय."
परत हिलाच पुढं केलं! उपटणार तो, सांगणार ही.
"तुला काय पायजे?" विचारलं.
"राहावं."
कप धुऊन पालथा घालून गेली. माझ्या सुनेनं कधी घातला नाय.

शनिवार
आज त्याच्या ओळी नायत. फळा कोरा. ओल्या फडक्यानं पुसून अख्ख्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून आले:

कुणी तोडलं
पाणी कोण घालतं
बोल तोंडानं

उद्या खुर्ची घेऊन फांदीपाशी बसणार हाय. चार पानं आलीत तिला. माणूस आला तर आधी माझी खुर्ची उचलावी लागेल.
आणि हायकूखाली हे पण लिहिलंय, पाच-सात न मोजता: उत्तर से.नं द्यायचं. वॉचमननं नाय, कमिटीनं नाय. बायकोला तर दाराबाहेर पाठवायचीच नाय. स्वतः यायचं.